पाने न खाणारी अळी : हवाई बेटांवरील एका शोधाचा इतिहास

फुलपाखराच्या जीवनचक्राचा तक्ता बहुतेक शाळांच्या भिंतीवर असतो. अंडे, अळी, कोष आणि फुलपाखरू अशी चार चित्रे, त्यांना जोडणारे बाण, आणि अळीच्या चित्रात हमखास एक कुरतडलेले पान. ‘अळी काय खाते?’ असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात ‘पाने’ असे उत्तर देतो. हे उत्तर चूक आहे असे मुळीच नाही. पतंग आणि फुलपाखरे मिळून आज सुमारे १ लाख ६० हजार जाती ज्ञात आहेत. त्यांतील बहुतेकांच्या अळ्या पाने, फुले, फळे, बिया, मुळे किंवा लाकूड, म्हणजे एकंदरीत वनस्पतीच खातात. इतर कीटक खाऊन वाढणाऱ्या अळ्यांच्या जाती शंभरात एकही भरत नाहीत.

मात्र जे उत्तर शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर येते, ते पुढे कोणी तपासून पाहत नाही. या लेखात आपण अशाच एका न तपासलेल्या उत्तराचा इतिहास पाहणार आहोत. हा इतिहास पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर घडला. त्यातील मुख्य पात्र म्हणजे बोटाच्या पेरावर मावेल एवढा एक तपकिरी पतंग आणि त्याचे भाऊबंद. या पतंगांना शास्त्रीय नावे मिळाली १८८१ आणि १८९९ मध्ये. त्यांच्या अळ्या खातात काय, हे मात्र १९७२ पर्यंत कोणालाच उमगले नव्हते.

जमीन मोजणारे कुल

प्रथम या पतंगाच्या कुलाची ओळख करून घेऊ. शेतात किंवा बागेत पाठीची कमान करीत चालणारी अळी आपण सर्वांनी पाहिली आहे. ती पुढच्या पायांनी फांदी धरते, मग मागचा भाग ओढून पुढच्या पायांजवळ आणते. त्या वेळी तिच्या पाठीला उंटाच्या मदारीसारखा बाक येतो. म्हणूनच आपले शेतकरी तिला उंटअळी म्हणतात. युरोपीय अभ्यासकांना त्याच चालीत जमिनीची मोजणी दिसली. वितीने कापड मोजावे तशी ही अळी फांदी मोजत जाते असे त्यांना वाटले, आणि ‘जमीन’ व ‘माप’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून कुलाचे नाव पडले जिऑमेट्रिडी. भूमितीच्या इंग्रजी नावाचे मूळही तेच आहे.

अशा चालीचे कारण शरीररचनेत आहे. सर्वसाधारण अळीला छातीशी खऱ्या पायांच्या तीन जोड्या असतात आणि पोटाखाली मांसल, आकड्यांच्या अशा खोट्या पायांच्या पाच जोड्या असतात. जिऑमेट्रिडी कुलातील अळ्यांना खोट्या पायांच्या बहुधा दोनच जोड्या असतात आणि त्या दोन्ही अगदी शेपटाकडे. मधला भाग बिनपायांचा असल्यामुळे कमान केल्याशिवाय त्यांना पुढे सरकताच येत नाही. (सोयाबीनवरील किंवा एरंडीवरील उंटअळीला मधल्या भागातही खोटे पाय असतात. तिची चाल तशीच दिसली, तरी ती या कुलातील नव्हे. विद्यार्थ्यांना पाय मोजायला लावले की हा फरक सहज कळतो.)

मागचे पाय घट्ट रोवून बाकीचे शरीर हवेत ताठ धरण्याची कला या अळ्यांना चांगलीच साधली आहे. कित्येक जातींच्या अळ्या दिवसभर अशा राहतात आणि वाळक्या काडीसारख्या दिसतात. पक्ष्यांपासून बचावाचा हा उपाय आहे. पुढे हवाईमध्ये याच सवयीचा उपयोग भलत्याच कामासाठी झालेला आपण पाहणार आहोत.

जिऑमेट्रिडी कुलात आज सुमारे २३ हजार जाती आहेत. त्यांतील सर्वांत मोठी प्रजाती युपिथेसिया. तिच्यात चौदाशेहून अधिक जाती असून त्या जगाच्या बहुतेक भागांत, आपल्या हिमालयातही, आढळतात. हे पतंग लहान, करड्या-तपकिरी रंगांचे, पंख सपाट पसरून बसणारे आणि एकमेकांसारखे दिसणारे असतात. हवाईबाहेरच्या जातींच्या अळ्या प्रामुख्याने फुलांवर, परागांवर आणि बियांवर वाढतात.

पाद्री, संग्राहक आणि शाळामास्तर

हवाई बेटे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, उष्ण कटिबंधात, पण कोणत्याही खंडापासून साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहेत. समुद्राच्या तळाशी झालेल्या ज्वालामुखींच्या उद्रेकांतून ती वर आली. त्यामुळे तेथील प्रत्येक देशी जीव हा कधीकाळी वाऱ्याबरोबर, लाटांवर किंवा पक्ष्यांच्या अंगाला चिकटून आलेल्या एखाद्या पाहुण्याचा वंशज आहे.

या बेटांवरील कीटकांचा पहिला भरीव संग्रह केला तो रेव्हरंड थॉमस ब्लॅकबर्न या धर्मोपदेशकाने. १८७०च्या दशकाच्या अखेरीस होनोलुलू येथे असताना आपली कामे सांभाळून त्याने कीटक गोळा केले आणि इंग्लंडला पाठविले. त्या नमुन्यांवरून ब्रिटिश म्युझियममधील आर्थर बटलर यांनी १८८१ मध्ये एका लहान पतंगाचे वर्णन केले. आज त्याचे नाव युपिथेसिया मॉंटिकोलन्स असे आहे. हे नाव लक्षात ठेवावे. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

पुढे रॉयल सोसायटी आणि ब्रिटिश असोसिएशन यांनी संयुक्त समिती नेमून १८९२ मध्ये आर. सी. एल. पर्किन्स या तरुणाला हवाईला धाडले. डोंगरांतील ओल्या रानांत तंबू ठोकून, चिखल तुडवीत पर्किन्स यांनी काही वर्षे कीटक, पक्षी आणि गोगलगाई गोळा केल्या. त्या संग्रहातून १८९९ ते १९१३ या काळात ‘फॉना हवाईएन्सिस’ हा मोठा ग्रंथ सिद्ध झाला. त्यातील पतंगांचे काम सोपविले होते एडवर्ड मेरिक यांच्याकडे.

मेरिक यांचा परिचय शिक्षक वाचकांना विशेष वाटेल. ते कोणत्याही संग्रहालयाचे नोकर नव्हते. इंग्लंडमधील मार्लबरो येथील शाळेत ते ग्रीक आणि लॅटिन शिकवीत. शाळेचे काम सांभाळून त्यांनी आयुष्यभरात जगभरच्या लहान पतंगांच्या चौदा हजारांहून अधिक जातींची वर्णने लिहिली. आपल्या कारवारहून त्यांच्याकडे गेलेल्या नमुन्यांवरूनही कित्येक जातींना नावे मिळाली. साधे हातभिंग आणि पंखांवरील शिरांची मांडणी एवढ्यावर त्यांचे काम चाले. १८९९ मध्ये त्यांनी हवाईच्या अनेक जातींना नावे दिली. आज युपिथेसियात गणल्या जाणाऱ्या स्टॉरोफ्राग्मा, ओरिक्लोरिस, स्कोरिओडिस, ऱ्होडोपायरा या त्यांतीलच.

मेरिक यांच्यापुढे होते ते टाचणीला टोचलेले, पंख पसरून सुकवलेले प्रौढ पतंग. त्यांच्या पंखांवरील ठिपके, रेषा आणि शिरा त्यांनी काटेकोरपणे टिपल्या. जातींची नावे ठरली, नमुने पेट्यांत बसले. १९५८ मध्ये एलवुड झिमरमन यांनी ‘इन्सेक्ट्स ऑफ हवाई’ या ग्रंथमालेत या सर्व जातींचा पुन्हा आढावा घेतला. तेथेही मुख्य आधार प्रौढ पतंगांचाच होता. जिवंत अळी काय करते हे पाहण्याची निकड कोणाला भासली नाही. अळी आहे म्हणजे पाने खात असणार, फार तर फुले!

१९७२ : एका विद्यार्थ्याचे निरीक्षण

हवाई विद्यापीठात त्या काळी ड्रोसोफिला माश्यांवर मोठे संशोधन चालू होते. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या चिलटांच्याच या नातेवाईक. पण हवाईमध्ये त्यांच्या शेकडो देशी जाती निर्माण झाल्या आहेत. या माश्या कोणत्या झाडाच्या कुजक्या सालीत किंवा पानांत वाढतात, याचा शोध स्टीव्हन मॉंटगोमेरी हा विद्यार्थी रानात हिंडून घेत होता. १९७२ मध्ये त्याच्या ध्यानात आले की रानातील युपिथेसियाची अळी पानावर बसते खरी, परंतु पानासाठी नव्हे. ती माश्या पकडून खाते.

एका निरीक्षणावर न थांबता मॉंटगोमेरी यांनी वेगवेगळ्या बेटांवरून अळ्या जमवल्या, वाढवल्या आणि त्यांतून बाहेर पडणारे पतंग कोणत्या जातीचे हे पडताळून पाहिले. सविस्तर निबंध प्रसिद्ध झाले ते १९८२ आणि १९८३ मध्ये, म्हणजे पहिल्या निरीक्षणानंतर सुमारे दहा वर्षांनी. हवाईत युपिथेसियाच्या वीसेक जाती आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य जातींच्या अळ्या शिकारी आहेत असे त्यातून सिद्ध झाले.

शिकारीची रीत अशी. अळी शेपटाकडील खोट्या पायांनी पानाची कड किंवा काडी घट्ट धरते आणि निश्चल होते. हिरवी असली तर पानात मिसळून जाते, तपकिरी असली तर काडीत. अळीला डोळे म्हणजे डोक्याच्या दोन्ही बाजूंना नुसते ठिपके. त्यांनी माशीचा पाठलाग करणे शक्य नाही. पण शरीराच्या मागच्या भागावर स्पर्श जाणणारे केस आहेत. फिरता फिरता एखादी माशी, कोळी किंवा लहान कीटक या केसांना लागला की अळी धनुष्यासारखी मागे वळते आणि छातीशी असलेल्या सहा पायांत भक्ष्य पकडते. हे खरे पाय नेहमीच्या अळीपेक्षा लांब असून त्यांना अणकुचीदार नखे आणि काटे असतात. या सर्व हालचालीला सेकंदाचा सुमारे बारावा भाग पुरतो. मग अळी पुन्हा पहिल्यासारखी ताठ होते आणि धडपडणारी माशी खाऊ लागते. मागच्या पायांची पकड या साऱ्या प्रकारात एकदाही सुटत नाही.

मांसाहारी अळ्या त्यापूर्वी माहीत नव्हत्या असे नाही. आपल्याकडे जास्वंदीवर पिठ्या ढेकणांच्या कापसासारख्या पुंजक्यात नीट शोधले तर स्पाल्जिस एपियस या छोट्या फुलपाखराची अळी सापडू शकते. ती पिठ्या ढेकूण खाते. तिच्या कोषावर माकडाच्या तोंडासारखी आकृती दिसते. परंतु पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही. त्याला खाणे हे एका अर्थी पान खाण्यासारखेच आहे. दबा धरून, उडत्या-पळत्या किड्याला क्षणात पकडणारी अळी ही मात्र शास्त्राला सर्वस्वी नवी गोष्ट होती.

हे हवाईतच का घडले?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. एक म्हणजे संधी, आणि दुसरी म्हणजे पूर्वतयारी.

संधी बेटांनी दिली. हवाईला पोहोचणे इतके अवघड की कीटकांचे गटच्या गट तेथे आलेच नाहीत. देशी मुंग्या नाहीत, घोळक्याने राहणाऱ्या देशी गांधीलमाश्या नाहीत आणि देशी खंडोबाचा किडाही नाही. पुढचे पाय जोडून बसणारा आणि झडप घालून माश्या पकडणारा हा किडा आपल्याकडील झुडपांवर जे काम करतो, ते हवाईच्या रानात करणारे कोणी नव्हते. उलट माश्यांची मात्र रेलचेल होती.

पण जागा रिकामी आहे म्हणून कोणताही जीव तेथे जाऊन बसू शकत नाही. त्यासाठी अंगी काही असावे लागते. मॉंटगोमेरी यांनी मांडलेला विचार असा : युपिथेसियाच्या अळ्या इतरत्र फुले व पराग खातात. परागांत प्रथिने भरपूर असतात. म्हणजे प्रथिनयुक्त आहार पचविण्याची सवय आधीपासून होती. शिवाय मागून कोणी डिवचले तर अंगाला हिसका देऊन मागे वळायचे, ही बचावाची क्रिया अनेक अळ्यांत असते. परोपजीवी गांधीलमाशीला हाकलण्यासाठी ती उपयोगी पडते. काडीसारखे निश्चल राहण्याची कला तर या कुलाची खासियतच. या तीन जुन्या गोष्टी एकत्र आल्या, हाकलण्याच्या हिसक्यातून पकडण्याची झडप तयार झाली आणि पायांवरील काटे पिढ्यानपिढ्यांच्या निवडीतून वाढत गेले.

आता मॉंटिकोलन्सकडे वळू. १८८१ मध्ये सर्वांत आधी नाव मिळालेली ही जाती शिकारी नाही. तिची अळी ओहियाची फुले खाते. ओहिया हा आपल्या जांभळाच्या कुलातील, तांबड्या पुंकेसरांच्या झुपक्यांनी फुलणारा हवाईचा प्रमुख वृक्ष. एकाच बेटसमूहात, एकाच प्रजातीत फुले खाणारी जाती आणि माश्या खाणाऱ्या जाती शेजारी शेजारी नांदतात. उत्क्रांती शिकवताना यापेक्षा बोलके उदाहरण शोधूनही मिळणार नाही. निसर्गाने येथे नवा अवयव घडविला नाही. होते त्याच पायांना नवे काम दिले.

आमच्या वहीतील एक नोंद

हा इतिहास वाचताना आम्हांला आमच्याच विद्यार्थिदशेतील एक नोंद आठवली. बाभळीच्या झाडावरून आम्ही एक उंटअळी आणली होती. बरणीत बाभळीचा पाला घातला, दुसऱ्या दिवशी बदलला, तिसऱ्या दिवशीही बदलला. अळीने त्याला तोंड लावले नाही. वहीत आम्ही लिहिले, ‘खात नाही’, आणि दोन दिवसांनी, ‘मेली’. ती अळी शिकारी होती असे आमचे म्हणणे मुळीच नाही. बहुधा ती रोगट असावी किंवा तिचे झाड दुसरेच असावे. पण ‘खात नाही’ या शब्दांचा खरा अर्थ ‘आम्ही दिले ते खात नाही’ एवढाच होता, हे त्या वेळी आमच्या डोक्यात आले नाही. आम्ही तिला एकच प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर आधीच ठरवून ठेवले होते.

कीटकांच्या अभ्यासात हा सापळा नेहमीचा आहे. ज्या झाडावर अळी सापडली ते तिचे खाद्य, असे धरून चालण्याचा मोह होतो. युपिथेसियाच्या बाबतीत झाड म्हणजे फक्त बसण्याची जागा होती. मेरिक किंवा झिमरमन यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी नावे दिली म्हणूनच मॉंटगोमेरी यांना आपली अळी कोणत्या जातीची हे सांगता आले. मात्र नाव कळणे ही अभ्यासाची सुरुवात होती, आणि त्र्याहत्तर वर्षे तोच शेवट मानला गेला.

वेळेशी स्पर्धा

मॉंटगोमेरी यांच्या शोधानंतर हवाईच्या इतर अळ्यांकडेही अभ्यासक वेगळ्या नजरेने पाहू लागले. २००५ मध्ये हायपोस्मोकोमा या दुसऱ्याच गटातील एक अळी सापडली. ती रेशमाच्या धाग्यांनी जिवंत गोगलगाईला पानाशी बांधून टाकते आणि मग खाते. २०२५ मध्ये त्याच गटातील आणखी एका अळीचे वर्णन प्रसिद्ध झाले. ती कोळ्याच्या जाळ्यात राहते, तेथील किडे खाते आणि मेलेल्या किड्यांचे अवयव आपल्या कोशाला चिकटवून वेष पालटते. ती फक्त ओआहू बेटावरील सुमारे १५ चौरस किलोमीटरच्या टापूत आढळते.

या शेवटच्या आकड्यापाशी थोडे थांबले पाहिजे. अशा जीवांचे सारे जग एवढेसे असते. ज्या रिकाम्या जागांमुळे या अळ्या शिकारी झाल्या, त्या जागा आता रिकाम्या राहिलेल्या नाहीत. माणसाबरोबर मुंग्या आल्या, खंडोबाचे किडे आले. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील एक पिवळी गांधीलमाशी हवाईच्या रानांत पसरली. ती अळ्या आणि माश्या मोठ्या प्रमाणावर खाते. २०१४ मध्ये ओहियाची झाडे वेगाने मारणाऱ्या बुरशीची ओळख पटली.

पिकांवरील किडींच्या बंदोबस्तासाठी मुद्दाम आणलेल्या परोपजीवी गांधीलमाश्यांची गोष्टही विचार करण्याजोगी आहे. काउआई बेटावरील अलकाई या दूरच्या पाणथळ रानात दोन संशोधिकांनी देशी पतंगांच्या अळ्या गोळा करून वाढविल्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, या अळ्यांतून बाहेर पडलेल्या परोपजीवींपैकी ८३ टक्के माणसाने जैविक नियंत्रणासाठी सोडलेल्या जातींचे होते. सोडल्या शेतासाठी, पोहोचल्या रानात! जैविक कीडनियंत्रण हे रासायनिक फवारणीपेक्षा चांगलेच. पण सोडलेला जीव पुढे काय खाईल हा प्रश्न तेथेही आधी विचारायला हवा होता.

म्हणजे पुन्हा तोच प्रश्न : हा जीव काय खातो? तो विचारायला खर्चिक उपकरणे लागत नाहीत. येत्या पावसाळ्यात शाळेच्या आवारातील कढीपत्ता, लिंबू, रुई, जास्वंद यांवर अळ्या नक्की दिसतील. विद्यार्थ्यांना त्या मारू न देता निरखायला लावावे. खोट्या पायांच्या जोड्या किती, अळी दिवसा खाते की रात्री, पानाची कड खाते की मधला भाग, पाने जशीच्या तशी राहूनही ती वाढते आहे का, अशा नोंदी तारखेसह वहीत कराव्यात. ‘खात नाही’ असे लिहिण्यापूर्वी तिला काय काय देऊन पाहिले तेही लिहावे. आणि एखाद्या विद्यार्थ्याने ‘सर, ही अळी पान खातच नाही’ असे येऊन सांगितले, तर तक्त्याकडे बोट दाखवण्यापूर्वी त्याच्याबरोबर जाऊन ती अळी एकदा पाहावी.